लाल खांद्याचा काळा पक्षी : रेड-विंग्ड की ट्रायकलर्ड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मार्चअखेरीस कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टजवळच्या कोयोटी हिल्समध्ये फिरताना पाणकणसांवर बसलेल्या काळ्या पक्ष्यांचे तीन फोटो मिळाले. पहिल्याच्या खांद्यावर लाल डाग आणि त्याखाली पांढुरकी रेघ. दुसऱ्याच्या खांद्यावर नुसता लाल डाग, खाली रेघच नाही. तिसरा पक्षी तपकिरी, अंगभर रेघारेघांचा, तुमच्या शब्दांत 'मोठी चिमणी'. पक्षी ओळखणाऱ्या ॲपने पहिल्या दोघांना ट्रायकलर्ड ब्लॅकबर्ड ठरवलं आणि तिसऱ्यापुढे हात टेकले. ट्रायकलर्ड ही जात धोक्यात असल्याचं वाचल्यावर आता नोंद कशी करायची, असा तुम्हाला प्रश्न पडलाय.

आधी उत्तर देतो. पहिले दोन्ही नर रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड आहेत. तिसरी त्याच कुळातली मादी आहे, पण या एका फोटोवरून तिची जात मी छातीठोकपणे सांगणार नाही. आता कारणं.

तुम्ही आधी न्यू जर्सीत होतात असं लिहिलंय, गोंधळाचं मूळ बहुतेक तिथेच आहे. पूर्व किनाऱ्यावरचा रेड-विंग्ड नर म्हणजे लाल खांदा आणि त्याखाली ठसठशीत पिवळा पट्टा. मार्गदर्शक पुस्तकांत चित्रही बहुधा त्याचंच असतं. तिकडे ट्रायकलर्ड नसतोच, त्यामुळे लाल-पिवळं दिसलं की विषय संपला. कॅलिफोर्नियात आल्यावर माणूस तोच नियम उलटा लावतो : पिवळं नाही, म्हणजे हा ट्रायकलर्ड. इथेच फसगत होते. कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली आणि मध्य किनारपट्टी, म्हणजे तुमचा बे एरियासुद्धा, या भागातल्या रेड-विंग्डचे स्थानिक प्रकार वेगळे आहेत. त्यांना 'बायकलर्ड', म्हणजे दुरंगी, म्हणतात. एरवी ज्या पिसांवर पिवळा पट्टा उमटतो तीच पिसं यांच्यात काळी असतात, निदान त्यांची टोकं तरी काळी असतात. म्हणून लाल डाग संपला की थेट काळं. तुमचा दुसरा फोटो याचा नमुना आहे. त्यात काहीच गूढ नाही, तो तुमच्या तलावाचा रोजचा रहिवासी आहे.

तेव्हा या भागात एवढं ध्यानात ठेवा की पिवळं नसणं हा ट्रायकलर्डचा पुरावा नाही. पांढरं स्वच्छ दिसायला हवं.

'स्वच्छ' म्हणजे काय, ते तुमचा पहिला फोटो मोठा करून बघा. पंख मिटलेला असताना खांद्यावर पिसांच्या दोन ओळी महत्त्वाच्या. वरच्या ओळीत बारीक पिसं असतात, ती लाल. तिच्या लगेच खाली थोडी मोठी पिसं, एकावर एक कौलांसारखी रचलेली. पट्टा उमटतो तो या दुसऱ्या ओळीवर. ट्रायकलर्ड नरात या ओळीची उघडी टोकं सगळीच पांढरी असतात, त्यामुळे खांद्यापासून पंखाच्या कडेपर्यंत एक सलग, जाड, नीट आखलेली पांढरी पट्टी दिसते. तुमच्या पक्ष्याची रेघ तशी नाही. ती दोन ठिकाणी तुटलीय, मधल्या पिसांची टोकं काळी आहेत, आणि सावलीतल्या बाजूला, मानेजवळ, तिची छटा सायीसारखी पिवळसर आहे. बायकलर्ड नरांत असं अर्धवट पिवळं अधूनमधून डोकावतं. पिवळ्या पट्ट्याच्या आणि बिनपट्ट्याच्या पक्ष्यांचा संकर जिथे होतो तिथे तर सगळ्या पायऱ्या बघायला मिळतात.

मग उन्हातल्या बाजूला ती पांढरी का दिसते? कॅमेरा. काळ्या पक्ष्याचा फोटो काढताना कॅमेरा काळोख समजून उजेड वाढवतो, आणि जे आधीच फिकट आहे ते जळून पांढरं होतं. फिकट पिवळा पट्टा तर दुपारच्या उन्हात हमखास पांढरा होतो. फोटो काढायच्या आधी एक्स्पोजर एक पायरी खाली आणायची सवय लावा. फोनवर काढत असाल तर पक्ष्यावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढा. शक्य असेल तर ढगाळ सकाळीच जा. पांढऱ्या-पिवळ्याचा निवाडा ढगाळ उजेडात जितका सोपा तितका उन्हात कधीच नाही.

ऋतूचंही बघावं लागतं, आणि गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी फसवतो. ही पिसं वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या शेवटी, नवी येतात. ताज्या पिसाऱ्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, ट्रायकलर्डचा पांढरा पट्टा पूर्ण पांढरा नसतो, त्यावर हलकी बदामी झाक असते. हिवाळ्यात घासून घासून ती जाते आणि वसंतात शुभ्र पट्टा उरतो. रेड-विंग्डचा पिवळा पट्टा उलट वाटेने जातो : शरद ऋतूत गडद, मग उन्हाने विटत विटत जून-जुलैपर्यंत इतका फिका पडतो की लांबून पांढराच वाटावा. थोडक्यात, ऑक्टोबरात बदामी पट्टा दिसला म्हणून ट्रायकलर्ड बाद करू नका आणि जुलैत पांढुरका पट्टा दिसला म्हणून त्यावर शिक्का मारू नका. फेब्रुवारी ते मे या काळात मात्र पट्ट्याचा रंग बराच विश्वासू असतो. तुमचा फोटो मार्चचा आहे, म्हणून मी एवढ्या खात्रीने बोलतोय.

लाल रंगातही फरक आहे. रेड-विंग्डचा लाल शेंदराकडे झुकतो, ट्रायकलर्डचा कुंकवाकडे, गडद आणि थोडा काळपट. दोघं शेजारी बसले तर फरक डोळ्यांत भरतो. एकटा पक्षी बघून केवळ लाल रंगावर निर्णय देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो कितीही जुना जाणकार असो. पडदा बदलला की लाल बदलतो, तुमच्या फोनवरचा आणि माझ्या संगणकावरचा लाल एकच असेल याची खात्री कोण देणार?

लालपेक्षा काळ्याकडे बघणं जास्त फायद्याचं, आणि ते कोणी फारसं करत नाही. ट्रायकलर्ड नराच्या अंगाला निळसर, रेशमी चकाकी असते. पक्षी वळला की पाठीवरून ती सरकताना दिसते. रेड-विंग्डचा काळा त्यामानाने मंद असतो. शिवाय ट्रायकलर्डची चोच बुडाशी बारीक आणि एकूण टोकदार, पंखही जास्त निमुळते. हे ठोकताळे नवख्यासाठी नाहीत हे खरं, पण लाल डाग दिसतच नसेल तर तेच कामाला येतात.

आणि लाल डाग बऱ्याचदा दिसत नाहीच. खांद्याचा लाल हा नराचा झेंडा आहे, वाटेल तेव्हा फडकवायचा, वाटेल तेव्हा गुंडाळायचा. 1970 च्या दशकात अमेरिकेत संशोधकांनी रेड-विंग्ड नरांचे लाल डाग काळ्या रंगाने झाकून पाहिले. त्यातल्या बऱ्याच नरांना आपला इलाखा राखता आला नाही, शेजाऱ्यांनी घुसखोरी केली. इतकं त्या रंगाचं मोल. उलट दुसऱ्याच्या हद्दीत चरायला जाताना हाच नर खांद्यावरची काळी पिसं ओढून लाल झाकून घेतो. तेव्हा पिवळ्या पट्ट्याचा रेड-विंग्ड म्हणजे काळा पक्षी आणि एक पिवळी रेघ, ट्रायकलर्ड म्हणजे काळा पक्षी आणि एक पांढरी रेघ, आणि तुमचा बायकलर्ड म्हणजे नुसताच काळा पक्षी. अशा नुसत्या काळ्या पक्ष्याला लोक ब्रूअर्स ब्लॅकबर्ड म्हणून मोकळे होतात. ब्रूअर्सचा नर मात्र डोळ्याने ओळखू येतो : फिकट पिवळा, टक लावून बघणारा डोळा आणि डोक्यावर जांभळी झाक. रेड-विंग्ड आणि ट्रायकलर्ड या दोघांचे डोळे काळे. ब्रूअर्स तुम्हाला दलदलीपेक्षा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जास्त भेटेल.

बाकीच्या काळ्या पक्ष्यांची फारशी पंचाईत होत नाही. यलो-हेडेडच्या नराचं डोकंच पिवळंधमक. काऊबर्डची चोच जाड, डोकं तपकिरी. ग्रॅकलची शेपटी अंगाला न शोभेल इतकी लांब. स्टार्लिंग आखूडशेपट्या आणि दुडूदुडू चालणारा, नात्याने आपल्या साळुंकीच्या घरचा. हिवाळ्यात गोठ्यांजवळच्या थव्यात हे बरेचसे एकत्र असतात, तेवढं लक्षात असू द्या.

आता तुमची 'मोठी चिमणी'. महाराष्ट्रात तुम्ही पक्षी बघत होतात, तर सुगरणींचा अनुभव असेलच. नर पिवळ्या टोपीत ऐटीत आणि मादी अशी की चिमणी म्हणून सोडून द्यावी. पाणकणसांत राहणाऱ्या रेघाळ सुगरणीची मादी आणि साध्या सुगरणीची मादी वेगळ्या करायला लागलं की घाम फुटतो. इथेही तीच गत. रेड-विंग्डची मादी तपकिरी, छातीपोटावर ठळक उभ्या रेघा, डोळ्यावर फिकट भुवई, गळ्यावर कधी गुलाबी-पिवळी झाक, आकाराने नरापेक्षा चांगलीच लहान. ट्रायकलर्डची मादी थंड रंगाची : काजळीसारखी राखाडी-तपकिरी, छातीवर रेघा पण पोटाकडे येता येता त्या मिसळून सलग गडद रंग होतो.

पुस्तकातल्या चित्रांत हे सरळ आहे. कॅलिफोर्नियात नाही, कारण बायकलर्डची मादीही नेमकी गडद, पोटाला जवळजवळ सलग काळपट. म्हणजे पोटावरच्या रेघा स्पष्ट असल्या तर ती ट्रायकलर्ड नाही, इतकं म्हणता येतं, पण पोट गडद असलं तर दोन्ही शक्यता उरतात. मग पाठीवरच्या पिसांच्या कडा बघायच्या. ताज्या पिसाऱ्यात रेड-विंग्ड मादीच्या पाठीवर आणि पंखांवर तांबूस, उबदार कडा असतात. ट्रायकलर्ड मादीच्या कडा राखाडी, फिकट, त्यांत तांबूसपणा नाही. सप्टेंबर ते साधारण फेब्रुवारी हा फरक कामाचा. पुढे कडा झिजतात, आणि मे-जूनमध्ये घरट्याच्या धावपळीत कळकट झालेली मादी कुठल्या जातीची हे निव्वळ रंगावरून सांगणारा एकतर फार मोठा जाणकार किंवा उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुमच्या फोटोतली मादी सावलीत आहे, पोट पाणकणसाच्या पानाआड गेलंय, चोच सरळ कॅमेऱ्याकडे असल्याने जाडी कळत नाही. पाठीवर थोडा तांबूसपणा वाटतो, पण मागच्या सुकलेल्या पानांचं प्रतिबिंबही तसंच दिसेल. आजूबाजूला रेड-विंग्ड नर होते म्हणून तीही बहुधा रेड-विंग्डच. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम ठेवतोय.

एक वर्षाच्या नरांबद्दलही सांगून ठेवतो, कारण पुढचा फोटो त्यांचाच येईल. पहिल्या वर्षीचा रेड-विंग्ड नर पूर्ण काळा नसतो. अंगावर तपकिरी खवले, खांद्यावर डाग असला तरी मळकट नारिंगी, त्यात काळे ठिपके. त्याला बघून लोक दोन जातींचा संकर, नवी जात, वाटेल ते लिहितात. पोरगा आहे, पुढच्या पिसाऱ्यात सुधारेल.

रंगाने गाडी अडली की मी कान लावतो. रेड-विंग्डचं गाणं दोन छोटे सूर आणि मग लांब, थरथरता, वर चढणारा शेवट : 'काँक-ला-रीऽऽऽ'. ऐकायला प्रसन्न. ट्रायकलर्डचं गाणं म्हणजे नाकातून काढलेला कण्हण्यासारखा आवाज, 'ऑन-के-काँऽघ', चिडलेलं मांजर गुरगुरावं तसा. एकदा ऐकला की विसरता येत नाही आणि फार वेळ ऐकवतही नाही. शेकडो नर एकदम लागले की वसाहत दिसायच्या आधी ऐकू येते.

आणि वागणूक! विणीच्या काळात हा सगळ्यात सोपा धागा आहे. रेड-विंग्ड नर जमीनदार असतो. प्रत्येकाचा पाणकणसाचा आपला पट्टा, त्यातल्या उंच कणसावर बसून खांदे फुगवून ओरडायचं, शेजारी आला की त्याला हाकलायचं. त्याच्या इलाख्यात अनेक माद्या, कधी दहाच्याही वर. मे महिन्यात वाटेवरून जाणाऱ्या माणसाच्या टाळक्यावर कोतवालाच्या थाटात झेपावतो तोही हाच. तुमच्या दोन्ही फोटोंत नर एकटा आहे, शेपूट पसरलेली, चोच उघडी, खांदे फुगलेले. हे जमीनदारी वागणं आहे. ट्रायकलर्ड याच्या अगदी उलट, तो चाळीत राहतो. एका झुडपात, हाताच्या अंतरावर घरटी, नर एकमेकांना खेटून गातात, आणि सगळी वसाहत एकाच वेळी अंडी घालते, एकाच वेळी पिल्लं भरवते. 1930 च्या दशकात सॅक्रामेंटो खोऱ्यातल्या ग्लेन काउंटीत एकाच वसाहतीत दोन लाखांहून अधिक घरटी नोंदली गेली होती. म्हणून एप्रिलमध्ये तळ्याकाठी चार-पाच नर सुट्टे सुट्टे, आपापल्या अंतरावर गाताना दिसले, तर पट्टा न बघताही पैज रेड-विंग्डवर लावा.

ट्रायकलर्ड बघायचाच असेल तर मर्सेडकडे जा. मर्सेड राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात आणि आसपास त्यांच्या वसाहती होतात. हे पक्षी एकाच हंगामात जागा बदलून वीण करतात : मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेला सॅन वॉकीन खोऱ्यात पहिली, मग बरेचसे उत्तरेला सॅक्रामेंटो खोऱ्याकडे सरकून दुसरी. त्यामुळे गेल्या वर्षीची जागा यंदा रिकामी असणं नेहमीचं आहे, ताज्या नोंदी बघून निघा. वसाहत सापडली तर गाडीतूनच बघा. एवढ्या घरट्यांत माणूस घुसला की एकाला नाही, सगळ्यांना त्रास होतो.

जात नेमकी ओळखण्याचा एवढा आटापिटा कशासाठी, हेही सांगायला हवं. जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक ट्रायकलर्ड एकट्या कॅलिफोर्नियात आहेत, थोडे ओरेगन, वॉशिंग्टन, नेवाडा आणि मेक्सिकोच्या बाहा भागात. दलदली बुजवून शेतं झाली तसे हे पक्षी शेतात आले. सॅन वॉकीन खोऱ्यात डेअऱ्यांच्या मुरघासासाठी ट्रिटिकेल नावाचं गहू आणि राय यांच्या संकराचं पीक लावतात. ते उंच, दाट, पाण्याजवळ, आणि शेजारी गोठ्यांत आयतं धान्य, त्यामुळे पक्ष्यांना ती दलदलच वाटते. पण मुरघासाची कापणी एप्रिल-मेमध्ये येते, नेमकी पिल्लं घरट्यात असताना. एका दिवसाच्या कापणीत हजारो घरटी संपतात. शेतकऱ्याला भरपाई देऊन कापणी काही आठवडे पुढे ढकलण्याचा उपाय अलीकडे केला जातो आणि जिथे होतो तिथे तो लागू पडतो. राज्यभरातल्या स्वयंसेवकांच्या गणनेत 2008 मध्ये सुमारे 3 लाख 95 हजार पक्षी मोजले गेले, 2011 मध्ये 2 लाख 58 हजार, 2014 मध्ये 1 लाख 45 हजार, 2017 मध्ये सुमारे 1 लाख 78 हजार. 2018 मध्ये राज्याच्या आयोगाने या जातीला कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली 'थ्रेटन्ड', म्हणजे धोक्यात आलेली, ठरवलं. रेड-विंग्डचं तसं नाही, तो सबंध उत्तर अमेरिकेत मुबलक आहे. अशा वेळी दर बायकलर्ड नर ट्रायकलर्ड म्हणून नोंदला गेला, तर कागदावर पक्षी वाढतात आणि शेतात घटत राहतात. ॲपला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एक फोटो दिसतो, आवाज, शेजारी आणि पलीकडचा पक्षी दिसत नाही.

आता नोंदीचं. ईबर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, दुसरा फोटो 'रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड (कॅलिफोर्निया बायकलर्ड)' या पर्यायाखाली टाका. तो यादीत आपोआप दिसला नाही तर नाव शोधून जोडता येतो. पहिला साधा 'रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड' म्हणून, कारण त्याच्या पट्ट्यात पिवळं आहे आणि उपप्रकारावर डोकं शिणवून फायदा नाही. मादीसाठी 'रेड-विंग्ड/ट्रायकलर्ड ब्लॅकबर्ड' हा तिरप्या रेघेचा पर्याय आहे, तोच वापरा. लोकांना तो वापरायला कमीपणा वाटतो, पण माझ्या याद्यांत, विशेषतः उन्हाळ्यातल्या, तो सर्रास असतो. तिन्ही फोटो मूळ आकारात चढवा, रंग सुधारून नको. आणि पुढच्या वेळी मादी दिसली की तिने मान वळवेपर्यंत थांबा : बाजूने चोच, पोटाचा खालचा भाग आणि पाठीवरच्या कडा, तिन्ही मिळाल्या तर पुन्हा पाठवा.